सुटीत मागे राहणाऱ्या मुलांविषयी : मराठी मंडळ्यांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि सर्व सभासद कुटुंबे यांस



शाळांना दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील बालगृहांच्या कचेऱ्यांत दोन-तीन दिवस मोठी वर्दळ असते. कोणाची आई मजुरीचा खाडा करून आलेली असते, कोणाची आजी, कोणाचा चुलता. ओळखीचा दाखला दाखवून, अधीक्षकांच्या वहीत सही किंवा अंगठा करून, कपड्यांची पिशवी एका हातात आणि मुलाचे मनगट दुसऱ्या हातात धरून ही माणसे एकेक करून फाटकाबाहेर पडतात. आपल्याकडील बालगृहांतील पुष्कळशी मुले पूर्णार्थाने अनाथ नसतात. त्यांच्या आई-वडिलांपैकी कोणीतरी एक हयात असते, पण दारिद्र्याने, आजाराने किंवा परित्यागाने हतबल झालेले असते, आणि तेवढ्या दिवसांपुरते का होईना ते आपल्या लेकराला घरी नेते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंगतीत ताटे कमी मांडली जातात. जी थोडी मुले त्या पंगतीला उरतात, त्यांच्या नावापुढचा नातेवाइकांचा रकाना दप्तरात कोरा असतो. आणि ज्या सणांची आपली मुले महिनाभर आधीपासून वाट पाहतात, ते सण या मुलांना आपल्या एकटेपणाचे वार्षिक स्मरणपत्र होऊन येतात. हे पत्र मी त्या उरलेल्या मुलांसाठी लिहीत आहे.

माझी विनंती दोन भागांची आहे. पहिला भाग असा की, आपल्या मंडळ्यांतील ज्या कुटुंबांना शक्य असेल त्यांनी, कायद्याच्या रीतसर मार्गाने आणि बालकल्याण समितीच्या मंजुरीने, अशा एखाद्या मुलाला सुटीत आपल्या घरी पाहुणा म्हणून न्यावे. दुसरा भाग असा की, ते मूल घरी असताना त्याला केवळ खाऊ-पिऊ घालून, नवे कपडे शिवून आणि बागेत फिरवून न थांबता, आपले कुटुंब मंडळीबरोबर जी काही सेवा करीत असेल त्या सेवेत त्याला आपल्या शेजारी उभे करावे. पहिल्या भागाविषयी फारसे मतभेद होणार नाहीत, असे मला वाटते. करुणेचे आवाहन आपल्या समाजात सहसा वाया जात नाही. परंतु दुसऱ्या भागाविषयी अनेकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ज्या बिचाऱ्याला आयुष्यात काही मिळाले नाही त्याला सुटीत तरी कामाला का जुंपायचे, असा प्रश्न सद्भावनेनेच विचारला जाईल. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी लेखणी हाती घेतली आहे, कारण माझ्या मते विनंतीचा हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

बालगृहात वाढणाऱ्या मुलाचा दिनक्रम ज्याने थोडा जवळून पाहिला असेल, त्याला एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही, ती ही की, या मुलाला बाहेरच्या जगाचे दर्शन बहुतेक वेळा देणाऱ्याच्या रूपाने होते. अलीकडे सुखवस्तू कुटुंबांत आपल्या मुलाचा वाढदिवस अनाथ मुलांच्या सहवासात साजरा करण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यामागचा हेतू चांगला असतो, हे मी नाकारीत नाही. मुले रांगेने बसतात, पाहुण्यांच्या मुलासाठी टाळ्या वाजवितात, शिकविलेले स्वागतगीत म्हणतात, केकचा तुकडा आणि एखादी वही घेतात, ‘थँक्यू दादा, थँक्यू ताई’ असे एका सुरात म्हणतात, आणि छायाचित्र निघाले की उठतात. पुढच्या रविवारी दुसरे कुटुंब येते. अशी वर्षे जातात. या वर्षांत त्या मुलाला अन्न मिळते, वस्त्र मिळते, वह्या तर गरजेहून जास्त मिळतात. परंतु आपल्या हातून दुसऱ्याला काही मिळाले, आपण गेलो नसतो तर कोणाचे तरी काही अडले असते, हा अनुभव त्याला क्वचितच मिळतो. घरात वाढणारे मूल हा अनुभव अगदी नकळत घेत असते. आजीचा चष्मा शोधून देताना, शेजारच्या काकूंना वाटीभर साखर नेऊन देताना, धाकट्या बहिणीला शाळेत सोडताना आपण कोणाला तरी हवे आहोत, ही जाणीव त्याच्या अंगात मुरत जाते. ज्याला कोणी सतत देत असते आणि ज्याच्याकडून कोणी काहीच मागत नाही, त्या मुलाच्या मनात हळूहळू अशी समजूत रुजते की, आपल्याजवळ देण्यासारखे काहीच नाही. ही समजूत मला उपासमारीइतकीच घातक वाटते, आणि ती दूर करण्याचे सामर्थ्य कोणत्याही देणगीत नाही.

सुटीतला हा पाहुणचार काही नवी कल्पना नव्हे. चेर्नोबिलच्या 1986 सालच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर बेलारूस आणि युक्रेनमधील सहस्रावधी मुलांना आयर्लंड, इटली, जर्मनी इत्यादी देशांतील कुटुंबांनी उन्हाळ्यात स्वच्छ हवेसाठी आपल्या घरी बोलाविले, आणि त्यांत अनाथगृहांतील मुलेही होती. अमेरिकेत पुढे ही प्रथा विशेषतः चर्चच्या कुटुंबांत स्थिरावली. पूर्व युरोपातील अनाथगृहांतली मुले उन्हाळ्यात किंवा नाताळात चार-पाच आठवडे या कुटुंबांत राहायला येत. यजमान कुटुंबाची आधी कसून तपासणी होई, आणि हा पाहुणचार म्हणजे दत्तकाचे वचन नव्हे, हे मुलाला आणि यजमानांना बजावून सांगितले जाई. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध कोसळले आणि तेथील मुलांच्या बाबतीत हा क्रम तुटला. त्या काळापर्यंत त्या देशाच्या संस्थांमध्ये लाखाच्या आसपास मुले राहत होती, आणि त्यांतीलही फार मोठ्या संख्येच्या मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते, ही गोष्ट आपल्या परिस्थितीशी जुळती असल्याने नमूद करतो. या अमेरिकन कुटुंबांच्या रीतीतला जो भाग मला अनुकरणीय वाटतो, तो असा की, घरी आलेल्या मुलासाठी त्यांनी आपला रोजचा धर्माचार बाजूला ठेवला नाही. शनिवारी कुटुंब गरजूंसाठी धान्याच्या पिशव्या भरायला जात असेल, तर पाहुणे मूलही टेबलाच्या त्याच बाजूला उभे राहून डबे रचू लागले; कुटुंब वृद्धाश्रमात गाणी म्हणायला जात असेल, तर भाषा येत नसतानाही ते बरोबर गेले. भाषेवाचून आपलेपणा निर्माण करायचा, तर शेजारी उभे राहून एकच काम करण्यासारखा दुसरा उपाय नाही.

आपल्याकडे हे कसे घडू शकते, याचे एक उदाहरण मी प्रत्यक्ष पाहिले आहे. आमच्या मंडळीतील एका कुटुंबाने समितीची लेखी परवानगी काढून बालगृहातील एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नाताळात घरी आणले होते. नाताळच्या आधी आमचे महिला मंडळ जवळच्या वृद्धाश्रमासाठी फराळाच्या पिशव्या भरते. त्या घरी अंगणात सतरंजी अंथरून करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांचे ढीग मांडलेले होते, आणि चार-पाच बायका भराभर पिशव्या भरीत होत्या. शेवटी करंज्या थोड्या कमी पडल्या, तेव्हा घरच्या काकूंनी तळाशी राहिलेल्या मोडक्या करंज्या गोळा करून शेवटच्या पिशवीत घातल्या. त्यात हयगय काहीच नव्हती. कोणत्याही स्वयंपाकघरात असेच होते. पण तो मुलगा, जो सकाळपासून एक शब्दही बोलला नव्हता, पुढे झाला आणि म्हणाला, “काकू, मोडक्या सगळ्या एकाच पिशवीत नका घालू. ज्याला मिळतात ना, त्याला कळतं.” आणि मग कोणाच्या संमतीची वाट न पाहता त्याने भरलेल्या पिशव्या पुन्हा उघडल्या, प्रत्येकीतली एक सबंध करंजी काढून तिच्या जागी एक मोडकी ठेवली, आणि अशा निघालेल्या सबंध करंज्या त्या शेवटच्या पिशवीत भरल्या. हे करताना त्याची बोटे एखाद्या मुरलेल्या कोठीवाल्याच्या सराईतपणाने चालत होती. बायका पाहत राहिल्या. सगळ्यांना सारखे मिळावे यासाठी ज्या वाढप्याकडे तो आयुष्यभर डोळे लावून बसला होता, त्या वाढप्याच्या जागी तो त्या दिवशी पहिल्यांदा बसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. तेथे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. आमच्यापैकी कोणी विचारपूस केली की ‘बरं आहे’ एवढेच म्हणून ते भिंतीकडे तोंड करीत असत, आणि आम्हीही त्यांना अधिक त्रास देऊ नये म्हणून पुढे सरकत असू. मुलाने पिशवी त्यांच्या उशाशी ठेवली, खाटेच्या कडेवर टेकला, आणि विचारले, “आजोबा, इथे दिवे किती वाजता घालवतात?” म्हातारबाबांनी मान वळविली. नऊ वाजता, ते म्हणाले. आणि झोप मात्र बारापर्यंत येत नाही. मुलगा म्हणाला, आमच्याकडेही नऊलाच. मग अंधारात छतावरचा पंखा मोजण्याविषयी, शेजारच्याच्या घोरण्याविषयी, पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू असतो की नाही याविषयी त्या दोघांचे बराच वेळ बोलणे चालले, आणि पॅसेजच्या दाराजवळची खाट रिकामी झाली की ती मागून घ्या, तिथे उजेड येतो, असा सल्ला मुलाने त्यांना दिला. आमच्या मंडळीत शिकलेली माणसे आहेत, दयाळू माणसे आहेत, वर्षानुवर्षे त्या वृद्धाश्रमात जाणारी माणसे आहेत. पण दिवे किती वाजता घालवतात, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात कधी आला नव्हता. तो येणे शक्यच नव्हते, कारण दुसऱ्याच्या हाताने दिवा घालविला जाण्याचा अनुभव आमच्या गाठी नव्हता.

माझ्या सांगण्याचा मथितार्थ या प्रसंगात आहे. संस्थेत वाढलेल्या मुलाजवळ एक ज्ञान असते, जे यजमान कुटुंबाजवळ नसते. रांगेत शेवटी उभे राहण्याचे, वाटणीत डावलले जाण्याचे, भेटीच्या दिवशी आपल्याकडे कोणी न आल्याचे, आजारपणात रात्री हाक कोणाला मारावी हे न सुचण्याचे ते ज्ञान आहे. एरव्ही हे ज्ञान त्याच्या आयुष्यात निव्वळ दुःखाचा साठा म्हणून पडून राहते, आणि समाज ते विसरून जायला त्याला सांगतो. सेवेच्या प्रसंगी मात्र त्याच ज्ञानाला अकस्मात मोल येते. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती, तीच दुसऱ्याच्या उपयोगी पडते, आणि तेथे तो आपल्यापेक्षा सरस ठरतो. म्हणून त्याला बरोबर न्यायचे ते त्याला परोपकाराचे वळण लागावे म्हणून नव्हे. आपली सेवा आजवर जेथे आंधळी होती, तेथे तिला डोळे यावेत म्हणून न्यायचे.

आपल्या मंडळ्यांना याचा विसर पडावा, याचे मला विशेष दुःख होते, कारण या बाबतीतला सर्वांत मोठा दाखला आपल्याच भूमीत आणि आपल्याच भाषेत घडलेला आहे. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळाने पोरक्या केलेल्या होत्या. 1874 च्या सुमारास आई-वडील आणि पाठोपाठ थोरली बहीण अन्नाविना गेली, आणि उरलेल्या भावाबरोबर त्या पायी देश हिंडल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी ज्या मुली आणल्या, त्यांना आणताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचे सोळावे वर्ष होते, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट दिसते. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर आणि त्याबरोबर सरकारी निर्बंध. म्हणून त्या मुलींना केडगावच्या माळावर, झोपड्यांत आणि तात्पुरत्या पडव्यांत ठेवावे लागले. तेथे मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. पुढे 1900 च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून शेकडो मुली आल्या आणि वसतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली, तेव्हा एवढ्या सांगाड्यांना न्हाऊमाखू कोणी घातले, पेज कोणी भरविली, रात्री उशाशी कोण बसले? पगारी नोकरांचा एवढा ताफा कोणत्याही मिशनजवळ नव्हता. आधी आलेल्यांपैकी ज्या मोठ्या होत्या, त्या नव्याने आलेल्यांच्या आया झाल्या. तीन वर्षांपूर्वी जिला दुसरीने उचलून आणले होते, तिने आता तिसरीला उचलले. अंध मुलींना ब्रेल वाचायला आणि विणकाम करायला शिकविण्यात आले. आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर जेव्हा छापायची वेळ आली, तेव्हा खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम मुक्तीच्याच छापखान्यात मुक्तीच्याच मुलींनी आणि स्त्रियांनी केले. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ मागे राहिला. त्यातले प्रत्येक अक्षर अशा एखाद्या हाताने जुळविलेले आहे, जो हात कधी काळी रस्त्यावर पसरलेला होता. रमाबाईंच्या विद्वत्तेचा आणि धैर्याचा गौरव आपण वारंवार करतो. परंतु अनाथांना सेवेच्या गादीवर बसविण्याची त्यांची जी दृष्टी होती, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

दूर कशाला जायचे, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरात परक्यांची मुले कशी नांदत असत, हे स्मृतिचित्रे वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. त्या घरी पाहुणा आणि घरचा असा भेद कामाच्या वाटणीत नव्हता, म्हणून तो प्रेमातही उरला नाही.

पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांवरची प्रवचने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि त्यांत पाच हजारांच्या जेवणाचे नवल नेहमीच सांगितले जाते. ज्या मुलाजवळ त्या भाकरी होत्या, त्याच्याविषयी मात्र उपदेशक क्वचितच थांबून बोलतात. त्या दिवशी त्या माळरानावर मोठी माणसे पुष्कळ होती. शिदोरी एका पोराची घेतली गेली. तो पोर कोणाचा होता, त्याला आईबाप होते की नव्हते, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. त्याच्याजवळचे मागून घेण्यात कोणाला संकोच वाटला नाही, एवढे मात्र दिसते.

आता काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत, कारण चांगल्या कल्पनेचा विपर्यास व्हायला वेळ लागत नाही. सेवा म्हणजे घरगड्याचे काम नव्हे. ज्या कामात घरची मुले नाहीत, त्या कामात पाहुणे मूल असता कामा नये. ही कसोटी साधी आहे आणि ती कधीही चुकत नाही. घरचा मुलगा दिवाणखान्यात दूरदर्शन पाहत असेल आणि पाहुणा मुलगा त्याच वेळी भांडी विसळीत असेल, तर तो पाहुणचार ताबडतोब बंद करावा आणि पाळकांनी त्या कुटुंबाला पुन्हा मूल देण्याची शिफारस करू नये. मुलाने येत नाही म्हटले, तर त्याला न्यायचे नाही; पहिल्या सुटीत तो नुसता घरात बसून राहू इच्छील, कदाचित दुसऱ्या सुटीतही, आणि तेवढी उसंत त्याला मिळालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट साक्षीची. आपल्या मंडळ्यांत साक्ष देण्याची प्रथा आहे आणि ती मला प्रिय आहे. परंतु पाहुण्या मुलाला उपासनेत पुढे उभे करून त्याच्याकडून त्याच्या दुर्दैवाची कहाणी वदवून घेणे, हे त्याला पुन्हा एकदा घेणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसविणे आहे. छायाचित्रांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 याच्या 74 व्या कलमान्वये अशा मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र वृत्तपत्रांतून वा अन्य माध्यमांतून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकलेले छायाचित्र कोठवर जाते, हे आपण सर्व जाणतो. म्हणून त्या मुलाचे छायाचित्र कोणी काढूच नये.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. ज्या मुलांविषयी मी लिहीत आहे, त्यांतील बहुतेक मुले ख्रिस्ती घरांत जन्मलेली नसणार. 1893 साली रमाबाईंच्या शारदासदन या शाळेवर जे वादळ उठले, विद्यार्थिनींच्या धर्मांतराच्या शंकेने रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, त्याची स्मृती महाराष्ट्राच्या मनातून अद्याप पुरती गेलेली नाही. त्या वादात कोणाची बाजू किती न्याय्य होती, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. आज आपल्यापुरता नियम निःसंदिग्ध असावा: मुलाचा धर्म, त्याचे नाव, त्याच्या देवाला हात जोडण्याची त्याची रीत यांना आपल्या घरात धक्का लागता कामा नये, उपासनेला येण्याची त्याच्यावर सक्ती असू नये, आणि हे आपण समितीला लेखी कळवावे. ज्या कुटुंबाला एवढी हमी देणे जड जाईल, त्याने मूल आणू नये. गणपतीच्या दिवसांत त्या मुलाला आरतीला जावेसे वाटले, तर शेजाऱ्यांकडे नेऊन सोडणारा यजमान मला हवा आहे.

कायद्याच्या मार्गाविषयी थोडेसे. मूल संस्थेतून बाहेर नेण्याचा अधिकार अधीक्षकांच्या मर्जीत नसून जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या हाती आहे. अधिनियमाच्या 98 व्या कलमात रजेची जी तरतूद आहे, तिची मुदत एका वेळी सर्वसाधारणपणे सात दिवसांची असून त्यात परीक्षा, नातेवाइकांचे लग्न, निकटच्यांचा मृत्यू, आजारपण अशा प्रसंगांचा निर्देश आहे. परक्या घरच्या सुटीतल्या पाहुणचाराचा तीत स्वतंत्र उल्लेख नाही. 44 वे कलम मात्र संगोपनासाठी मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याची व्यवस्था सांगते, आणि योग्य ठरलेल्या अनोळखी कुटुंबालाही ती खुली आहे. म्हणून प्रत्येक मंडळीने एकेकट्या कुटुंबाला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला न लावता, पाळक व दोन-तीन जबाबदार सभासद यांच्यामार्फत समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे, कोणती तजवीज लागू पडते ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावे, आणि लेखी हुकुमाशिवाय एका रात्रीसाठीही मूल घरी आणू नये. कुटुंबाची गृहभेट होईल, पोलिसांची पडताळणी होईल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारले जाईल. यात अपमान मानण्यासारखे काही नाही. परक्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी सरकारने अविश्वास दाखविणे, हे सरकारचे कर्तव्यच आहे.

कुटुंबात वाढण्याने मुलाचे काय होते, याविषयी आता शंका उरलेली नाही. बुखारेस्टमध्ये 2000 सालापासून 136 बालकांवर जो अभ्यास झाला, त्यात संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा संगोपनासाठी कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी, वाचा आणि माया लावण्याची शक्ती अधिक फुलल्याचे, आणि जितके लवकर गेले तितके अधिक फुलल्याचे आढळले. सुटीतला पाहुणचार त्या संगोपनाची बरोबरी करू शकत नाही, याची मला जाणीव आहे, आणि ज्यांना दीर्घ मुदतीचे संगोपन शक्य आहे त्यांनी 44 व्या कलमाचाच मार्ग धरावा, असे मी आवर्जून सांगेन. परंतु मोठ्या झालेल्या, दहा-बारा-चौदा वर्षांच्या मुलांना दत्तक घ्यायला कोणी येत नाही, आणि अठरावे वर्ष मात्र ठरल्या दिवशी येते आणि बालगृह सोडावे लागते. त्यानंतर अनुरक्षणगृहाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. अनाथांसाठी महाराष्ट्र सरकारने 2018 साली शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले, हेही खरे. पण नोकरी लागल्याचे पेढे घेऊन जायला एक दार लागते, ते सरकारी ठरावाने मिळत नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे की, ज्या कुटुंबाने मूल आणले त्याने दर सुटीत तेच मूल आणावे. एका सुटीत एक आणि पुढच्या सुटीत दुसरे, अशी फिरती माया त्या मुलाला आधीच पुरेशी मिळालेली आहे. दत्तकाचे आमिष कधीही दाखवू नये, आई-बाबा म्हणवून घेऊ नये, काका-काकू पुरेत. आणि परत सोडायला जाताना पुढच्या भेटीची तारीख नक्की सांगून ती कटाक्षाने पाळावी.

आणि परत पाठविताना त्याला नुसते भेटवस्तूंनी लादून पाठवू नये. त्याने जे काम आपल्याबरोबर सुरू केले, त्याचा एखादा धागा त्याच्या हाती राहू द्यावा. आमच्याकडच्या त्या मुलाने वृद्धाश्रमातील आजोबांना पोस्टकार्ड लिहायचे कबूल केले, आणि काकूंनी त्याच्या पिशवीत पत्ता घातलेली कोरी कार्डे ठेवली. त्यांतील दोन आली, तेव्हा ती वाचून दाखवायला आम्हांलाच बोलावणे आले. आजोबांची खाट तोवर पॅसेजच्या दाराजवळ गेलेली होती.

नाताळच्या कार्यक्रमांची आखणी करण्यासाठी आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या सभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. त्या सभेच्या कामकाजात, कॅरल-फेरी आणि नाताळवृक्ष यांच्या आधी, हा विषय घ्यावा, अशी माझी पंचांस विनंती आहे. समितीच्या बैठकी, गृहभेटी आणि पडताळणी यांना आठवडे लागतात. डिसेंबरात केलेला अर्ज जानेवारीत मंजूर होतो. तयार कुटुंबांची नावे त्या सभेतच गोळा झाली आणि दरखास्त लगोलग दाखल झाली, तर याच वर्षी काम होण्यासारखे आहे. मे महिन्याच्या सुटीसाठी हाच क्रम फेब्रुवारीत सुरू करावा लागेल.

आपला नम्र,
मंडळीतील एक सभासद